आलेखावरचं उत्तर जरासं हुकतंय, चूक कुठे?

वरणभात_तूप:
मुलगा दहावीत आहे. गणित भाग १, पहिलंच प्रकरण. क्ष + य = ५ आणि २क्ष − ३य = ४. क्रेमरच्या पद्धतीने (निश्चयक वापरून) (३.८, १.२) येतं, आलेखावर छेदनबिंदू (३.७, १.३). पट्टी बदलली, पेन्सिलला टोक केलं, तरी तेच. चिरंजीव म्हणतात, "आई, आलेख म्हणजे अंदाजच असतो." मला पटत नाहीये, पण सांगताही येत नाहीये.

खडू_डस्टर:
ताई, आलेखावरचं उत्तर दोन्ही समीकरणांत घालून बघा. ३.७ + १.३ = ५, म्हणजे पहिली रेषा ठीक. ७.४ − ३.९ = ३.५, हवे होते ४. दुसरीच रेषा हललीय. तिचा तक्ता इथे टाका.

वरणभात_तूप:
क्ष = ० ला य = −१.३३ आलं आणि पठ्ठ्याने टिंब दिलंय −१.५ वर! दुसरा बिंदू (२, ०). बस, दोनच.

खडू_डस्टर:
मग बरोबर. पूर्णांक येतील असेच क्ष घ्या: (−१, −२), (२, ०), (५, २). तिसरा बिंदू रेषेवर बसला नाही की चूक तिथेच कळते. आणि बिंदू लांबलांबचे हवेत. जवळच्या दोन टिंबांवरून ओढलेली रेषा पुढे भरकटते.

निवृत्त_कंट्रोलर:
"अंदाजच असतो" वाचून राहवलं नाही. उभी नोकरी रेल्वेच्या एकेरी मार्गावर (येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना एकच रूळ) सेक्शन कंट्रोलर म्हणून केली, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची ते ठरवणारा. आमच्या चार्टवर आडवी वेळ, उभी स्टेशनं, गाडी म्हणजे तिरकी रेघ. समजा आपली गाडी १०.०० ला सुटली, मिनिटाला १ किमी. समोरची ५० किमीवरून १०.१० ला निघाली, तितक्याच वेगाने. रेघा छेदतात १०.३० ला, ३० किमीवर. तुमचं उत्तर इथे संपतं, आमचं काम इथे सुरू होतं, कारण ३० किमीवर नुसतं रान! लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा जादा रूळ, २४ किमीच्या स्टेशनात. मग आपली १०.२४ ला तिथे उभी करायची, समोरची १०.३६ ला येईपर्यंत रेघ १२ मिनिटं सरळ आडवी. डब्यात लोक म्हणतात, "क्रॉसिंगला टाकली वाटतं," आणि पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

वरणभात_तूप:
नवीन तक्ता केला, (३.८, १.२) आलं. आता विचारतोय, काकांची दुसरी गाडी हळू जाणारी मालगाडी असती तर तिची रेघ कमी तिरकी का?

निवृत्त_कंट्रोलर:
शाब्बास! आणि तिलाच आधी लूपमध्ये घालायचं.