‘नराधम’, ‘विकृत’ की नुसता ‘गुन्हेगार’?

टिळकवाडीची अक्का
अडलेय, मदत करा. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाची एक कन्नड पुस्तिका मराठीत करतेय, खानापूर-निपाणीकडच्या मराठी सेविकांसाठी. तिसरं प्रकरण लैंगिक गुन्ह्यांच्या वैयक्तिक आणि सामाजिक कारणांचं. विषय अवघड नाही, खरं शब्दांनी जीव काढलाय. कन्नडात ‘अत्याचार’ म्हणजे थेट बलात्कार. आपला ‘अत्याचार’ सावकाराचाही असतो, सासूचाही असतो. त्यांचं ‘दौर्जन्य’ म्हणजे आपला अत्याचार, आणि त्यांचा ‘बलात्कार’ म्हणजे बऱ्याचदा साधी जबरदस्ती. तिन्ही शब्द संगीतखुर्ची खेळल्यासारखे एकेक जागा सरकलेत. तेवढं मी निस्तरलं.

खरा प्रश्न पुढेच आहे. हे कृत्य करणाऱ्याला काय म्हणायचं? कन्नड पेपरात ‘कामुक’ छापतात. आपल्याकडे कामुक म्हटलं की रेल्वे स्टेशनवरची पिवळी पुस्तकं आठवतात. मराठी पेपर ‘नराधम’ म्हणतात. मुद्रितं तपासणाऱ्या बाई म्हणतात ‘विकृत’ घाला. मला दोन्ही पटत नाहीत, पण का ते नीट सांगता येत नाहीये.

खडेबाजार
नराधमात काय वाईट? जो आहे त्याला तेच म्हणायचं. उगीच गोंजारायचं कशाला?

निवृत्त मास्तर
गीतेत ‘नराधम’ दोनदा येतो. सातव्या अध्यायात, १५व्या श्लोकात, भगवंताला शरण न जाणारे ते नराधम. सोळाव्यात आसुरी स्वभावाचे क्रूर लोक. बाईचा संबंध कुठेच नाही. पहिला अर्थ धरला तर आमच्या गल्लीतला नास्तिक डॉक्टर नराधम ठरतो, आणि तो तर रात्री दोनला उठून पेशंट बघतो.

तसाच ‘अतिप्रसंग’. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, एखादा नियम नको तिथे लागू पडायला लागला की त्याला अतिप्रसंग म्हणतात. तर्कातला दोष बिचारा, बातमीत कसा आला देव जाणे. आणि ‘बलात्’ म्हणजे बळाने. जुन्या मराठीत बलात्काराने सारासुद्धा वसूल होई. म्हणजे अक्का, कन्नडवाल्यांनी जुना अर्थ सांभाळलाय, सरकलोय आपण.

शहापूरकर
मास्तर, सुंदर. पण अक्कांचा प्रश्न वेगळा आहे. मी समुपदेशनात बरीच वर्षं काढली, म्हणून बोलतो.

‘विकृत’ म्हटलं की कारण त्या माणसाच्या डोक्यात जाऊन बसतं आणि आपण सगळे सुटतो. ‘वासनांध’ म्हटलं की कारण वासनेत. ‘नराधम’ म्हटलं की तो माणसांतलाच उरत नाही, कुठूनतरी रानातून आलेला होतो. देशाच्या गुन्हे नोंदींचे वार्षिक आकडे बघा. बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, लग्नाचं वचन दिलेला, कामावरचा मुकादम. सेविकेला ‘नराधमापासून सावध’ असं शिकवलं तर ती अनोळखी माणसाकडे बघत बसेल आणि मामा निघून जाईल.

मुलांच्या बाबतीत डेव्हिड फिंकेलहॉर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८४मध्ये चार अडथळे मांडले. आधी इच्छा हवी. मग स्वतःच्या मनाचा लगाम सुटायला हवा. मग बाहेरची नजर चुकवावी लागते. शेवटी मुलाचा विरोध मोडावा लागतो. पहिले दोन माणसाच्या आत आहेत, तिसरा घरात आणि गल्लीत. सेविकेच्या हातात तिसराच येतो. मुलांवर अत्याचार करणाऱ्या सगळ्यांना मुलांचंच आकर्षण असतं असंही नाही. पुष्कळांना फक्त सहज सापडणारं, गप्प बसणारं कुणीतरी हवं असतं. त्याला आजार कसं म्हणणार?

खडेबाजार
आणि दारू? दारू सोडून सगळं सांगितलंत.

शहापूरकर
दुसऱ्या अडथळ्यात आहे, लगाम सोडणारी. पण खडेबाजारात संध्याकाळी किती जण पितात हो? सगळेच करतात काय? लहानपणी स्वतःवर अत्याचार झाला होता, हेही असंच. काहींच्या बाबतीत ते कारणांत असतं, पण ज्यांच्यावर झाला त्यातले बहुतेक पुढं कुणाला हात लावत नाहीत. हे वाक्य पुस्तिकेत ठळक टाका अक्का, नाहीतर आधीच भोगलेल्या पोरावर आणखी शिक्का बसायचा.

निपाणीची सुमन
मी वेगळंच सांगतो. आमच्या आजीच्या तोंडात बलात्कार शब्दच नव्हता. ‘पोरीची अब्रू गेली’ म्हणायची. गेली! म्हणजे एस.टी.नं गेल्यासारखी. कोण घेऊन गेला ते वाक्यात नाहीच. आता पेपरात ‘तिच्यावर अत्याचार झाला’, तेही तसंच. पाऊस झाला, अत्याचार झाला. कर्ताच नाही तर त्याला नाव काय द्यायचं?

आणि सौंदत्तीचं बोलूया की. यल्लम्माला पोरगी सोडायची, गळ्यात मणी बांधायचे, आणि वयात आल्यावर जो पैसेवाला येईल तो ‘मालक’. आमच्या गल्लीत दोघी होत्या, त्यांच्याकडं येणाऱ्याला सगळी गल्ली मालकच म्हणायची, मी लहानपणी ऐकलो. कर्नाटकानं १९८२मध्ये कायद्यानं ही देवदासी प्रथा बंद केली. त्या मालकाला तुमचं ‘विकृत’ कुठं चिकटवणार? त्याची बायको, भाऊ, पुजारी, सगळ्यांना माहीत. सामाजिक कारण म्हणतात ते हे. शब्द होता, फक्त गुन्ह्याचा नव्हता.

टिळकवाडीची अक्का
सुमन, अंगावर काटा आला. हे प्रकरणात घालता आलं तर बघते. म्हणजे नावापेक्षा वाक्यच बदलायला हवं. ‘अत्याचार झाला’ नको, ‘त्याने केला’ हवं. पण ‘त्याने’ म्हणजे कुणी? फिरून तिथंच. ‘लैंगिक अपराधी’ चालेल?

भाषाशुद्ध
उत्तम. ‘अपराधी’च वापरा. ‘गुन्हा’ फारसी. सावरकर सांगून थकले.

खडेबाजार
‘देवा, माझे अपराध पोटात घाल’ म्हणतो आपण. अपराध पोटात घालायचा असतो, गुन्हा दाखल करायचा असतो. हा फरक ठाण्यात सगळ्यांना कळतो. आणि सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ बेळगावात मराठी बसला की कन्नड यावरच चाळीस वर्षं भांडण चाललंय.

भाषाशुद्ध
त्याचा इथे काय संबंध?

निवृत्त मास्तर
विषय निघालाच आहे तर ‘वासना’. ‘वस्’ म्हणजे राहणे, मनात राहून गेलेला संस्कार ती वासना. माझी आई आजारात म्हणायची, ‘अन्नावर वासना नाही रे.’ आज म्हटलं तर सून चमकेल. आणि कन्नडात वासने म्हणजे नुसता वास! चिकोडीला नोकरीत असताना एका कन्नड सहकाऱ्याने माझ्या डब्याकडे बघून ‘छान वासना आहे सर’ म्हटलं होतं.

सदाशिव
सगळं वाचलं. पण अक्कांनी सुरुवातीलाच ‘विषय अवघड नाही, खरं शब्दांनी’ असं लिहिलंय. खरं म्हणजे खरोखर? आणि सुमनताई, ‘मी सांगतो’, ‘मी ऐकलो’? प्रमाण मराठीत ‘सांगते’, ‘ऐकलं’.

निपाणीची सुमन
आमच्यात बायका ‘जातो, येतो’च म्हणतात. तुमचं प्रमाण तुमच्याकडं ठेवा.

शहापूरकर
सदाशिवराव, ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बेळगावात निम्मी वाक्यं त्यावर चालतात.

भाषाशुद्ध
मग ते कानडीचं आक्रमण.

खडेबाजार
आक्रमण? उलट आपला ‘खरं’ त्यांच्याकडं गेलाय. धारवाडी माणूस ‘खरे’ म्हणतो.

टिळकवाडीची अक्का
मंडळी, सोमवारी पुस्तिका छापायला जातेय. सध्या ‘अत्याचार करणारी व्यक्ती’ लिहून ठेवलंय, सतरा ठिकाणी. लांबलचक आहे आणि मलाच आवडत नाही. कुणाला काही सुचतंय?

निवृत्त मास्तर
‘खरं’चा ‘पण’ आधी मराठीत झाला की कन्नडात, हे जुन्या पत्रांत सापडेल. आमच्या आजोबांच्या पेटीत हुक्केरीहून आलेली काही आहेत. माळ्यावरून काढायला लावतो संध्याकाळी.