हौशी गटात गिटार आणि गाणे : बायकांची पट्टी एक, पुरुषांची दुसरी, मग साथ कशी करावी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या सोसायटीतील गाण्याची हौस असणारी आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी एकत्र बसतो. दोघांनी शाळकरी वयात गांधर्व महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या परीक्षा दिलेल्या आहेत आणि ते हार्मोनियम वाजवतात, तिघे नोकरी सांभाळून हल्लीच गिटार शिकू लागले आहेत आणि उरलेले केवळ गातात. मी वाजवते आणि गातेही, निदान तसा प्रयत्न करते. उत्साहाला तोटा नाही, पण दोन अडचणी काही केल्या सुटत नाहीत.

पहिली अडचण पट्टीची आहे. आमच्यातील बायकांना काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) सोयीची आहे आणि पुरुषांना काळी एक. एकच गाणे सर्वांनी म्हणायचे ठरले, की पुरुषांच्या सप्तकात आमचा आवाज तळाला जाऊन ऐकूच येत नाही आणि आमच्या पट्टीत अंतरा आला की पुरुषांच्या मानेच्या शिरा फुगतात. हार्मोनियमवाले चटकन पट्टी बदलतात. गिटारवाल्यांना मात्र ‘काळी चार’ म्हटल्यावर कोणती कॉर्ड धरायची हेच उमगत नाही.

दुसरी अडचण वाजवता वाजवता गाण्याची. नुसते वाजवताना हात व्यवस्थित चालतो, पण तोंड उघडले की तो शब्दांच्या मागे फरफटू लागतो आणि दादऱ्यातल्या भावगीतांत तर हमखास घसरतो. शिक्षक लावणे सर्वांना परवडणारे नाही. एकमेकांच्या आधाराने यातून वाट काढता येईल का?

सहावी तार (प्रतिसाद)

पट्टीच्या अडचणीवर फार सोपा उपाय आहे आणि तुम्हाला नेमक्या सोयीच्या पट्ट्या मिळालेल्या आहेत. काळी एक म्हणजे गिटारवाल्यांचा सी शार्प आणि काळी चार म्हणजे जी शार्प. कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावला की प्रत्येक कॉर्ड अर्ध्या स्वराने वर जाते, म्हणजे जीच्या आकारातून (जी कॉर्डच्या बोटांच्या ठेवणीतून) काळी चार वाजते आणि सीच्या आकारातून काळी एक. कॅपो जागचा न हलवता दोन्ही पट्ट्या हाताशी येतात. बायकांचे कडवे जी, सी, डी आणि ई मायनर या आकारांवर आणि पुरुषांचे कडवे सी, एफ, जी आणि ए मायनर या आकारांवर वाजवावे.

एका पट्टीतून दुसरीत जाताना गाणे थांबवण्याचीही गरज नाही. बायकांचे कडवे संपल्यावर एक आवर्तन जी सेव्हन वाजवावा, म्हणजे कानाला आपोआप सीची ओढ लागते आणि पुरुषांना त्यांचा षड्ज, म्हणजे ‘सा’, हातात मिळतो. परत येताना सीनंतर एक आवर्तन डी सेव्हन वाजवून जीवर यावे. नवशिक्यांना एफची बार कॉर्ड (एकाच बोटाने सर्व तारा दाबायची) जड जात असेल, तर पहिली तार मोकळी ठेवून फक्त दुसरी, तिसरी आणि चौथी तार अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर दाबावी. तिला एफ मेजर सेव्हन म्हणतात आणि भावगीतात ती अनेकदा मूळ एफपेक्षाही गोड लागते, असे माझे मत आहे.

पुरुषांचा पंचम (‘प’) तोच बायकांचा षड्ज, हे नाते आपल्याकडे अनोळखी नाही. पंडित जसराज यांनी मांडलेल्या ‘जसरंगी’ जुगलबंदीत स्त्री आणि पुरुष गायक आपापल्या पट्टीत राहून वेगवेगळे राग गातात, तेही अशाच स्वरसंबंधाच्या आधारावर. तिथला पल्ला अर्थातच फार मोठा आहे, पण रविवारच्या बैठकीला कॅपो आणि दोन सेव्हन कॉर्ड पुरतात. पुढे कोणाचा आवाज आणखी अर्धा स्वर वर गेला, तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर न्यावा. मग बायकांना पांढरी सहा आणि पुरुषांना पांढरी दोन मिळेल आणि आकार तेच राहतील.

ठेका (प्रतिसाद)

मी तबला वाजवतो, गिटार केवळ घरगुती. दादऱ्यात हात का घसरतो, हे माझ्या परीने सांगतो. स्ट्रमिंगचे बहुतेक धडे चार मात्रांच्या मापात असतात आणि हाताला त्याचीच सवय लागते, तर दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन विभागांचा. शिवाय पुष्कळ गाण्यांचा मुखडा समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच सुरू होतो. गाणारा सम यायच्या आधी दोन अक्षरे म्हणून मोकळा होतो आणि हात मात्र पहिल्या शब्दालाच ‘धा’ समजून बसतो. शब्द आणि हात यांची ताटातूट तिथेच होते.

त्यासाठी गटात असे करून पाहावे. गिटारवाल्यांनी डावा पंजा तारांवर अलगद टेकवून त्या मुक्या कराव्यात आणि उजव्या हाताने सहा मात्रा वाजवाव्यात : पहिल्या मात्रेला फक्त सर्वांत जाड तार, चौथ्या मात्रेला हलका हात, कारण तिथे तालातली ‘खाली’, म्हणजे बिनटाळीची मात्रा, आहे, आणि बाकीच्या मात्रांना साधे खाली-वर फटकारे. दुसऱ्या कोणीतरी टाळी देत ‘धा धी ना, धा तू ना’ मोठ्याने म्हणावे. वाजवणाऱ्याने चाल न लावता गाण्याचे शब्द नुसते बोलावेत आणि प्रत्येक ओळीत सम कोणत्या अक्षरावर येते, तिथे वहीत खूण करावी. बोलणे हाताला अडवेनासे झाले की चाल लावावी, आणि त्यानंतरच कॉर्ड धराव्यात. एकट्याला हे कंटाळवाणे होते. टाळी देणारा आणि बोल म्हणणारा समोर असला की कंटाळा येत नाही, आणि तुमच्या गटाचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

केरव्याची आठ मात्रांची गाणी हाताला आधीच ओळखीची वाटतात, म्हणून सर्व जण तीच निवडतात. ती काही आठवडे बाजूला ठेवावीत.

कोकणवारा (प्रतिसाद)

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. एक छोटी भर घालतो. नवशिक्यांचा एफ वाजत नाही, यात दर वेळी बोटांचा दोष नसतो. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची सुमारे अडीच मिलिमीटरहून बरीच जास्त असेल, तर ती गिटार जाणकाराकडून एकदा नीट लावून घ्यावी. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगते, पुढची फळी वर येते आणि तारा आणखी उंच होतात. गिटार भिंतीला टांगून न ठेवता बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि तारांचा एक संच हलका, म्हणजे दहाचा किंवा अकराचा (सर्वांत बारीक तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) लावून पाहावा.

मंद्र (प्रतिसाद)

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. गिटारच्या बाबतीत हौशी मित्र एकमेकांना पुष्कळ शिकवू शकतात, कारण बोट कुठे पडले ते डोळ्यांना दिसते. गळ्याचे तसे नाही. सूर उतरला हे शेजारचा सांगू शकेल, पण तो श्वास अपुरा पडल्यामुळे उतरला, जबडा आवळल्यामुळे उतरला की मुळात पट्टीच चुकीची होती, हे ओळखायला तयार कान लागतो. सर्वांनी मिळून वर्गणी काढून महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या गायिकेला किंवा गायकाला बैठकीला बोलवावे, असे मी सुचवीन. एरवी गटाने ऐकण्याचे काम करावे : एकाने गावे, त्याचे फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि ते ऐकून आधी गाणाऱ्यानेच आपले मत सांगावे, इतरांनी नंतर. न मागता सल्ला देण्याची खोड आपल्या मंडळींत पुष्कळ असते आणि लाजरी माणसे त्यामुळेच दुसऱ्या रविवारी येत नाहीत.

गाताना घसा दुखला तर त्या दिवशी तिथेच थांबावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर काढे घेत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून जी आणि सी, दोन्ही आकार वाजवून पाहिले आणि हार्मोनियमवाल्या काकांनी दोन्ही पट्ट्यांवर शिक्कामोर्तब केले. वर्गणीची सूचनाही सर्वांना पटली आहे. आता एक उपप्रश्न. सकाळी रियाजाला मी फोनवर तानपुरा लावते आणि षड्ज धरण्यासाठी त्यावरच गिटारची कॉर्ड वाजवते. ट्यूनरवर सर्व तारा बरोबर दिसत असूनही ती कॉर्ड तानपुऱ्याशी कुठेतरी खटकते. असे का व्हावे?

सहावी तार

खटकतो तो गंधार, म्हणजे ‘ग’. गिटारच्या फ्रेट समान अंतराच्या स्वरांवर बसवलेल्या असतात आणि त्यावरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक सेंट. हार्मोनियमवरही हाच आक्षेप होता आणि ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. भावगीताच्या साथीला हा फरक चालून जातो, रियाजाला चालत नाही.

म्हणून रियाजाच्या वेळी कॉर्डमधून गंधार काढूनच टाकावा. जीच्या आकारात सहावी, दुसरी आणि पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी, चौथी आणि तिसरी मोकळी सोडावी आणि पाचवीला मधल्या बोटाचे टोक टेकवून ती मुकी करावी. मग केवळ षड्ज आणि पंचम वाजतील आणि गंधार तुमचा तुम्हाला गळ्याने लावता येईल. कॅपो मात्र फ्रेटच्या अगदी मागे लावावा आणि तो लावल्यानंतर तारा पुन्हा एकदा जुळवाव्यात, कारण त्याच्या दाबाने त्या किंचित चढतात, विशेषतः जाड तारा.