मदत हवी आहे: ऑर्ग-मोडमधून लाटेकमध्ये जाताना अंतर्गत दुवे

ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्स या संपादकातील साध्या मजकुराच्या लेखनपद्धतीत) लिहिलेल्या एका पुस्तिकेची पीडीएफ मी झीलाटेकने (लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीच्या एका रूपाने) करतो. त्याच फाइलमधून एचटीएमएलही काढायचे असल्यामुळे मजकुरात थेट लाटेकच्या आज्ञा घालणे मला चालणारे नाही. आकृतीला नाव देऊन त्या नावाचा वर्णनाविना (दुव्यावर दिसणाऱ्या शब्दांविना) दुवा दिला, तर लाटेकची ‘रेफ’ ही क्रमांक छापणारी आज्ञा तयार होते आणि कागदावर नुसता ‘4’ उमटतो. वर्णन दिले, तर ते शब्द दुवा होतात, पण क्रमांक नाहीसा होतो.

‘ऑर्ग-लाटेक-प्रिफर-यूजर-लेबल्स’ ही सेटिंग चालू केल्याने लेबले (दुव्याचे लक्ष्य ओळखणारी अंतर्गत नावे) मी दिलेल्या नावांची झाली. ‘ऑर्ग-लाटेक-रेफरन्स-कमांड’ या सेटिंगमध्ये क्लेव्हररेफ या, क्रमांकाआधी शब्द आपोआप जोडणाऱ्या लाटेक-पॅकेजची आज्ञा घालून ‘आकृती 4’ असेही मिळवले (क्लेव्हररेफ हे दुवे तयार करणाऱ्या हायपररेफ पॅकेजनंतरच लोड होते, हे तपासले आहे). मात्र हा पर्याय अशा सर्व दुव्यांना सरसकट लागू होतो आणि मला काही जागी फक्त पृष्ठक्रमांक हवा आहे. एवढ्या कामासाठी ऑर्ग-रेफ हे संदर्भांसाठीचे वेगळे ईमॅक्स-पॅकेज बसवणे मला जड वाटते.

‘ऑर्ग-लिंक-सेट-पॅरामीटर्स’ वापरून ‘पान’ असा स्वतंत्र दुवाप्रकार केल्यास, त्याच्या निर्यात-फंक्शनमध्ये (दुव्याचे लाटेक किंवा एचटीएमएल रूप घडवणाऱ्या फंक्शनमध्ये) लक्ष्य-आकृतीचे ऑर्गने ठरवलेले लेबल, विशेषतः एचटीएमएलमधले आपोआप तयार होणारे, कसे मिळवावे?