सॅमसंगच्या फोनचं एकच नाव, एकच किंमत आणि चिप मात्र देशानुसार वेगळी: हे आपण का चालवून घेतो?

नळस्टॉप
एक पोस्ट सध्या सगळ्या ग्रुपांवर फिरते आहे. तिचं म्हणणं असं की सॅमसंग गॅलेक्सीत एक्झिनॉस (सॅमसंगची स्वतःची चिप) की स्नॅपड्रॅगन (क्वालकॉम या अमेरिकन कंपनीची) हा वाद यूट्यूबवाल्यांनी पोसला, वापरणाऱ्याला फरक कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याने पुण्याच्या कॅम्पातल्या दुकानांतून स्नॅपड्रॅगनचा अमेरिकन पीस घ्यावा, पैसेही वाचतात. पहिलं विधान अर्धवट आहे. अमेरिकन पीसच्या सल्ल्याने लोकांचं सरळ नुकसान होतं. म्हणून सविस्तर लिहितो.

२०१५च्या गॅलेक्सी एस६ला जगभर एक्झिनॉस ७४२० होता, कारण त्या वर्षीचा स्नॅपड्रॅगन ८१० तापायचा. त्यानंतर एस७ ते एस२१ भारतात सलग एक्झिनॉस आला आणि अमेरिकेत सलग स्नॅपड्रॅगन. एस२२ला आपल्याकडे स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आला, तर युरोपला एक्झिनॉस २२००. एस२३ला सगळीकडे स्नॅपड्रॅगन. एस२४ आणि एस२४ प्लसला आपल्याकडे पुन्हा एक्झिनॉस २४००, अल्ट्राला मात्र सगळीकडे स्नॅपड्रॅगन. एस२५ला परत सगळीकडे स्नॅपड्रॅगन. ग्राहकाने हे सगळं पाठ करून दुकानात जायचं का?

सगळ्यात वाईट एस२०. आपल्याकडच्या एस२०च्या एक्झिनॉस ९९०मध्ये सॅमसंगचे स्वतःचे दोन एम५ कोर (चिपमधले गणना करणारे भाग) होते. ते कोर बनवणारा अमेरिकेतल्या ऑस्टिनचा विभाग कंपनीने २०१९मध्येच बंद केला होता. अमेरिकेतल्या एस२०च्या स्नॅपड्रॅगन ८६५मध्ये एआरएम या चिप-आराखडे करणाऱ्या कंपनीचे ए७७ कोर, तेही टीएसएमसी या तैवानी चिप-कारखान्याच्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर. तेवढ्याच कामाला ९९० जास्त वीज खायचा, तापायचा, मग वेग उतरायचा. आणि खुद्द कोरियात एस२० स्नॅपड्रॅगनवर विकला गेला. घरच्यांना जे वाढलं नाही ते आपल्या ताटात आलं.

माझा आक्षेप एक्झिनॉस असण्याला नाही, न सांगण्याला आहे. खोक्यावर चिपचं नाव नसतं. एस२४च्या पानावर ‘डेका-कोर’ आणि चार वेग दिलेले: ३.२, २.९, २.६, १.९५. ज्याला ठाऊक आहे तो ओळखेल की दहा कोर म्हणजे एक्झिनॉस. बाकीचे अमेरिकन फोनवर केलेला रिव्ह्यू बघून पुण्यात पैसे मोजतात.

हिंजवडीकर
असहमत. सहा वर्षांपूर्वीच्या ९९०वरून आजचा निकाल का लावता?

एस२४ मालिकेतले एक्झिनॉस २४०० आणि स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ या दोघांचा मुख्य कोर कॉर्टेक्स-एक्स४च आहे. एकाचा वेग ३.२ गिगाहर्ट्झ, सॅमसंगसाठीच्या ‘फॉर गॅलेक्सी’ स्नॅपड्रॅगनचा ३.३९. मधले ए७२०, धाकटे ए५२०, तेही दोन्हीकडे. २४००ला फॅन-आउट पॅकेजिंग दिलं आहे, त्यामुळे चिपची जाडी कमी होते आणि उष्णता लवकर बाहेर पडते. व्हॉट्सॲप, कॅमेरा, यूपीआय, मॅप यात फरक दाखवून द्या, मी शब्द मागे घेतो.

दुसरं, नावावर जाऊ नका, चिप कुठल्या कारखान्यात छापली ते बघा. स्नॅपड्रॅगन ८८८ आणि ८ जेन १ हे दोन्ही सॅमसंगच्याच फाउंड्रीत बनले आणि दोन्ही तापले. क्वालकॉम टीएसएमसीकडे गेल्यावर ८ प्लस जेन १ आणि ८ जेन २ शांत झाले. म्हणजे एस२२च्या वेळी भारताला ‘चांगली’ चिप मिळाली म्हणून जो जल्लोष झाला तो बिनबुडाचा होता.

तिसरं, एक्झिनॉस २१००मध्ये एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर डिकोडिंग होतं, म्हणजे तो व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळी सोय. स्नॅपड्रॅगनला ते ८ जेन २पर्यंत नव्हतं. हे कुणी सांगत नाही.

नळस्टॉप
एव्ही१चं मानतो, तेवढंच. कारखान्याचा मुद्दाही बरोबर, पण तो माझ्याच बाजूने जातो: एस२४चा एक्झिनॉस सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर आहे आणि स्नॅपड्रॅगन टीएसएमसीच्या. मग ही माहिती ग्राहकाला हवी की नको?

आणि फरक व्हॉट्सॲपमध्ये शोधूच नका. तो दिसतो सलग भारात. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपची एक फेरी मिनिटांत संपते, त्यात काही कळत नाही. थ्रीडीमार्क या ग्राफिक्स मोजणाऱ्या ॲपची वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम स्ट्रेस टेस्ट लावा, एकेक मिनिटाच्या वीस फेऱ्या. कव्हर काढा, चार्जर काढा, बॅटरी ५० टक्क्यांच्या वर, ब्राइटनेस हाताने निम्म्यावर, विमान मोड चालू. दोन्ही फोन एकाच खोलीत एकाच वेळी. सर्वोच्च स्कोअर बाजूला ठेवून शेवटच्या पाच फेऱ्या बघा. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ३८-४०वर असतो. एसी खोलीत काढलेला आकडा आपल्या कामाचा नाही.

शिवाय ग्राफिक्सचे ड्रायव्हर. स्नॅपड्रॅगनच्या ॲड्रिनो या ग्राफिक्स भागासाठी टर्निप हे मुक्त ड्रायव्हर आहेत, फोनवर विंडोज गेम चालवणारे एम्युलेटर त्यावर उभे आहेत. एक्झिनॉसच्या एक्सक्लिप्स या ग्राफिक्स भागाला ती सोय नाही. ज्याला हे करायचं आहे त्याच्यासाठी हा किरकोळ फरक नाही.

हिंजवडीकर
एम्युलेटर चालवणारे किती जण? बरं, तुमचं ते ‘तापतो’ निम्म्या वेळा मॉडेममुळे, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या भागामुळे असतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसली की फोन टॉवर शोधत प्रेषणाची ताकद वाढवतो, बॅटरी उतरते आणि दोष चिपच्या नावावर जातो. २०२०मध्ये तर ९९० आणि ८६५ दोघांचेही ५जी मॉडेम वेगळ्या चिपवर होते.

कॅम्पातला
एवढं कशाला ताणता? ज्याला स्नॅपड्रॅगन हवा त्याने बाहेरचा पीस घ्यावा. सीलपॅक मिळतो, स्वस्त मिळतो. हार्डवेअर तेच, सिम घातलं की चालू. वॉरंटीचा बाऊ करणाऱ्यांनी सांगावं, फ्लॅगशिप फोन पहिल्या वर्षात कितीसे बिघडतात?

तपकीर_गल्ली
“हार्डवेअर तेच” हे वाक्य ऐकून घेतलं जात नाही. रिपेअर बेंचवर रोज जे दिसतं ते लिहितो.

मॉडेल नंबर बघा. एस२४ला शेवटी ‘बी’ म्हणजे आंतरराष्ट्रीय, ‘यू’ म्हणजे अमेरिकेतल्या सिम-कंपनीशी बांधलेला, ‘यू१’ म्हणजे अमेरिकेतलाच पण सुटा, ‘एन’ म्हणजे कोरिया, शून्य म्हणजे चीन-हाँगकाँग. अमेरिकन पीसच्या चौकटीत मिलिमीटर वेव्ह (५जीचा अतिवेगवान प्रकार) अँटेनासाठी खिडकी असते. सॅमसंगचा मूळ डिस्प्ले चौकटीला चिकटवलेलाच येतो, म्हणजे इथल्या ‘बी’ मॉडेलचा डिस्प्ले घेऊन बसवला की खिडकीची जागा जुळत नाही. नुसती काच वेगळी करून बसवायची तर ओएलईडी पॅनेल फाटण्याचा धोका. मदरबोर्ड गेला तर इथे मिळत नाही, दुसऱ्या मेलेल्या फोनमधून काढावा लागतो. अधिकृत केंद्रात परदेशी आयएमईआय (फोनचा ओळख-क्रमांक) वॉरंटीत धरत नाहीत.

आता सॉफ्टवेअर. जिओला २जी-३जी नाही, कॉल व्होल्टीने, म्हणजे ४जी डेटावरून जातो. व्होल्टी आणि वायफाय कॉलिंगची सेटिंग फोनच्या सीएससीत, म्हणजे देशानुसार ठरणाऱ्या सॉफ्टवेअर-संचात असतात. भारताचा सीएससी ‘आयएनएस’, सुट्या अमेरिकन फोनचा ‘एक्सएए’. त्यात आपल्या कंपनीचं प्रोफाइल नसेल तर डेटा चालतो आणि कॉल लागत नाही. गिऱ्हाईक सिम बदलत बसतं. भारतीय फर्मवेअर (फोनचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश करू म्हणाल तर ‘यू’ मॉडेलचा बूटलोडर (फोन सुरू करणारा भाग) ‘बी’ची फाइल घेतच नाही, ते टाकायचं ओडिन हे सॉफ्टवेअर तिथेच फेल दाखवतं. कॉल रेकॉर्डिंग अमेरिकन सीएससीत सहसा नसायचं. काही कोरियन पीसवर कॅमेऱ्याचा आवाज बंद होत नाही.

आणि ‘सीलपॅक’चं. ज्या खोक्यावर प्रदेशाचं स्टिकर असतं तो फोन आधी त्या प्रदेशातल्या सिमवर मिळून पाच मिनिटं कॉलला वापरावा लागतो, मगच बाहेरचं सिम घेतो. म्हणजे इथे सिम घातल्याबरोबर चालू झाला तर सील आधी कुणीतरी फोडून परत लावलेलं असण्याची शक्यता धरा.

कॅम्पातला
तुम्ही वाईटात वाईट उदाहरण घेता. हाँगकाँगचा पीस घ्या, शून्यवाला. दोन प्रत्यक्ष सिमची जागा, गूगल आधीपासून आत, स्नॅपड्रॅगन. खिडकीची भानगड नाही. सगळ्या आयात मालाला एका काठीने हाणू नका, त्यावर पोट असलेली माणसं आहेत.

तपकीर_गल्ली
हाँगकाँगचा अमेरिकनपेक्षा बरा, हे खरं. पण शून्यवाल्या मॉडेलचा सीएससी दोन प्रकारचा: ‘टीजीवाय’ हाँगकाँगचा, ‘सीएचसी’ मुख्य चीनचा, त्यात गूगल आधीपासून आत नसतं. दुकानात दोन्ही ‘हाँगकाँग’ म्हणूनच विकले जातात. सेटिंग, अबाउट फोन, सॉफ्टवेअर इन्फर्मेशन, तिथे सर्व्हिस प्रोव्हायडरच्या ओळीत तीन अक्षरं वाचा. ‘सीएचसी’ दिसलं तर परत द्या. पोटाचं म्हणाल तर पोट दोन्हीकडे आहे. ज्याचा बोर्ड गेला त्याला “पार्ट नाही” हे सांगायची वेळ विकणाऱ्यावर येत नाही, आमच्यावर येते.

कॅम्पातला
मग गिऱ्हाइकाला आधी सांगून विकलं तर? आम्ही सांगतो.

औंधकर
सांगता ते पावतीवर लिहून देता का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७): बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आयात पीस विकताना पावतीवर मॉडेल नंबर, आयएमईआय आणि ‘भारतात कंपनीची वॉरंटी नाही’ हे तीन लिहा, मग तुमच्याशी माझं भांडण नाही.

मूळ विषयाकडे येतो. कलम २(९) ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रत, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतं. मात्र नळस्टॉप, यातून “खोक्यावर चिपचं नाव छापाच” असं आपोआप निघत नाही. वेष्टनाच्या नियमांत निर्माता, महिना-वर्ष, कमाल किंमत येतं, प्रोसेसर नाही. केस उभी राहते ती विक्रेत्याने किंवा जाहिरातीने स्नॅपड्रॅगन सांगून एक्झिनॉस दिला तर. त्या दिवशीच्या विक्री-पानाचा स्क्रीनशॉट, बिल आणि मॉडेल नंबर जपून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत, आणि तक्रार तुम्ही राहता तिथे म्हणजे पुण्यातच करता येते.

नळस्टॉप
कायद्यात आज नाही हे कबूल. असायला हवं, हे माझं म्हणणं कायम. औषधाच्या पट्टीवर घटक छापतात, ७० हजारांच्या फोनवर चिपचं नाव छापायला जागा नाही?

हिंजवडीकर
छापायला माझा विरोध कधीच नव्हता. छापा. मग लोक सलग भाराचे आकडे बघून ठरवतील आणि एक्झिनॉसवरचा जुना डागही जाईल. डिसेंबर २०२५मध्ये २ नॅनोमीटरचा एक्झिनॉस २६०० जाहीर झाला आहे, त्याला ९९०च्या पापाचं ओझं नको.

सिंहगडरोड
वरचं सगळं वाचलं. माझा प्रश्न छोटा आहे: जुना एस२० एफई (एस२०ची स्वस्त आवृत्ती) घ्यायचाय, विकणारा “स्नॅपड्रॅगनच आहे” म्हणतो. कसं तपासू?

तपकीर_गल्ली
या मॉडेलमध्ये गोंधळ सगळ्यात जास्त आहे. जी७८०एफ म्हणजे ४जी, एक्झिनॉस ९९०. ऑक्टोबर २०२०ला भारतात आधी हाच आला. जी७८०जी म्हणजे ४जी, पण स्नॅपड्रॅगन ८६५. जी७८१बी म्हणजे ५जी, स्नॅपड्रॅगन ८६५, आपल्याकडे मार्च २०२१पासून.

मागच्या पॅनेलवरचा नंबर धरू नका, पॅनेल बदललेलं असू शकतं. सेटिंगमधला मॉडेल नंबर वाचा, मग *#०६# करून आयएमईआय बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. शेवटी सीपीयू-झेड हे चिप दाखवणारं ॲप टाका. बोर्डच्या जागी ‘कोना’ दिसलं तर ८६५, ‘९९०’ किंवा ‘९८३०’ दिसलं तर एक्झिनॉस. तिथेच उभं राहून कॅमेऱ्यात ४के व्हिडिओ दहा मिनिटं चालवा. फोन मधेच रेकॉर्डिंग थांबवत असेल किंवा बॅटरी त्या वेळात दहा टक्क्यांहून जास्त उतरली तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. आणि जिओचं सिम घालून एक कॉल लावा, डेटावर समाधान मानू नका.