पीएचडीचं दुसरं वर्ष, गाडी रुतली आहे. मदत हवी!

कोरी_वही:
घाईत लिहितेय. पुण्यात पीएचडी करतेय. कोर्सवर्क झालं, मार्कही बरे पडले. त्यानंतर आठ महिने नुसती वाचतेय. सकाळी जयकर ग्रंथालयात जाऊन बसते, संध्याकाळी डोकं जड होऊन परत. एमएला सिलॅबस होता, परीक्षा होती. इथे आज काम झालं की नाही हेच कळत नाही. १८ तारखेला आरएसी आहे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडायची. रोज किती तास वाचायचं, नोट्स कशा काढायच्या? 'धीर धर' सोडून काहीही सांगा.

पोपटी_छत्री:
विषय कुठला? फुलटाइम की नोकरी सांभाळून?

तळटीप:
झोटेरो वापरता का? संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. टॅग लावून ठेवा, अर्धी पीएचडी तिथेच होते.

चिंचेचं_झाड:
त्याने काही होत नाही. अप्पा बळवंत चौकातून कोरी कार्डं आणा. एका कार्डावर एक मुद्दा, हाताने. मी ११०० केली होती.

तळटीप:
आणि पावसाळ्यात छत गळलं की?

चिंचेचं_झाड:
लॅपटॉप काय पोहतो का?

निवृत्त_काका:
आधी दोन पेपर छापून घ्या, नाहीतर थीसिस घेत नाहीत. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, आहे ना? आता महिन्याला ३७ हजार मिळतात म्हणे. आम्ही चहाला महाग होतो.

पोपटी_छत्री:
काका, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पेपरची सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर वेगळं. आरएसी मात्र दर सहामाहीला द्यावीच लागते.

कोरी_वही:
पेपरचं मी विचारलंच नाहीये! समाजशास्त्र, फुलटाइम. पुण्यातल्या घरकामगार बायका आणि त्यांची संघटना. २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा, त्यावरचं सगळं वाचून झालंय.

पोपटी_छत्री:
आणि किती जणींशी बोललात?

कोरी_वही:
अजून नाही. आधी थिअरी पक्की करायची होती.

पोपटी_छत्री:
गाईड काय म्हणतात?

कोरी_वही:
चांगले आहेत. म्हणाले, काही लिहिलं की दाखव.

पोपटी_छत्री:
मग काय दाखवलंत?

कोरी_वही:
चॅप्टर पूर्ण झाल्यावर देणार होते.

पोपटी_छत्री:
अहो, आठ महिने! आज रात्री दोन पानं लिहा. काय वाचलं, त्यातलं काय पटलं नाही, पहिल्या पाच जणींना काय विचारणार. कच्चं आहे तसंच पाठवा. माझ्या पहिल्या मसुद्यात गाईड बाईंनी पहिल्याच परिच्छेदावर आडवी रेघ मारली, पुढचं वाचलंच नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही, पण तिसऱ्या दिवशी कामाला लागले.

चिंचेचं_झाड:
कच्चं अजिबात देऊ नये. छाप खराब पडते.

पोपटी_छत्री:
११०० कार्डं झाल्यावर दिलं होतंत का?

चिंचेचं_झाड:
सहा वर्षं लागली, पण दिलं.

निवृत्त_काका:
मेसचं खाता का? डोकं जड होतं ते पित्ताने.

कोरी_वही:
रात्री १ वाजून २० मिनिटं. सव्वा पान झालंय, भयंकर आहे. पाठवू?

पोपटी_छत्री:
पाठवा, आणि झोपा.

तळटीप:
संदर्भ झोटेरोतून टाकलेत ना?