मदत हवी आहे: अण्णांना डेट्रॉइटला फेब्रुवारीत बोलावू की ऑगस्टमध्ये? (ऑटोरामा की वुडवर्ड)

उद्यमनगरची_लेक

नमस्कार मंडळी,

मी डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहते. माझे वडील, अण्णा, वय ७१, कोल्हापूरला असतात. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. आता भाऊ बघतो, पण अण्णा रोज सकाळी तिथं हजर असतातच. व्हिसा झालाय. तिकीट कधीचं काढायचं यावर घोडं अडलंय.

त्यांना नायगारा नको, मॉल नको. "ते लोक गाड्या कापून परत जोडतात, ते दाखव" एवढीच मागणी. मी त्यांना १९५० च्या सुमाराच्या एका मर्क्युरी गाडीचा फोटो पाठवला होता, छत कापून खाली बसवलेली. लगेच फोन आला. "मोठा करून बघितला. खांबाला सांधा कुठंच दिसंना. पोटीन भरलंय का पत्राच तसा आणलाय, विचार की त्याला." आता मी कुणाला विचारू?

तर एक ऑटोरामा, म्हणजे हौसेनं बदलून बनवलेल्या गाड्यांचं हॉलमधलं प्रदर्शन, फेब्रुवारीअखेर नाहीतर मार्चच्या सुरुवातीला, डाउनटाउनला. दुसरं वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावरून जुन्या, सजवलेल्या गाड्यांची फेरी, ऑगस्टचा तिसरा शनिवार. दोन्ही पाहिलेलं कुणी आहे का? मला कळायला हवं ते असं: ज्याने आयुष्यभर पत्रा ठोकला त्याला कुठे जास्त बघायला मिळेल? चालणं किती? आणि गाडीवाले बोलतात का? अण्णांचं इंग्रजी 'बंपर, फेंडर, प्रायमर' एवढंच. नवऱ्याचा उपयोग नाही, त्याच्या लेखी चावी फिरवली की गाडी सुरू व्हावी, विषय संपला.

नऊमैली

डोळे झाकून वुडवर्ड. मी फर्नडेलला राहतो, आमच्या दारातच असतं म्हणा ना. १९९५ मध्ये इथल्या मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला म्हणून हे सुरू झालं. आता फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत सुमारे १६ मैल रस्ता गाड्यांनी भरून वाहतो. तिकीट नाही. घडीची खुर्ची टाकायची, डोक्याला टोपी, थर्मासमध्ये चहा, आणि बसायचं. मसल कार (दांडग्या इंजिनाच्या), हॉट रॉड (जुन्या गाड्या वेगासाठी बदललेल्या), कुणीतरी घरी बनवलेलं अगम्य वाहन, सगळं समोरून जातं. शनिवार अधिकृत दिवस असला तरी आधीच्या आठवडाभर संध्याकाळी गाड्या फिरतच असतात, आणि गर्दी टाळायची तर तेच बरं. मुख्य म्हणजे इंजिनं ऐकू येतात. हॉलमध्ये उभ्या गाडीत काय बघायचं?

पत्रामारुती

नऊमैली, हॉलमध्ये पत्रा बघायचा. डेंटर माणसाला रस्त्यावरून निघून गेलेल्या गाडीचा सांधा कसा दिसणार?

ताई, ऑटोरामाच. १९५३ पासून चालू आहे, आणि थंडीत असण्यालाही अर्थ आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं पत्रा गंजतो, त्यामुळे असली गाडी कुणी बाहेर काढत नाही, गॅरेजात बसून काम करतात. हंटिंग्टन प्लेस, म्हणजे डाउनटाउनचं प्रदर्शन केंद्र, त्याच्या वरच्या हॉलमध्ये शोच्या गाड्या असतात. खाली आरसे ठेवलेले, म्हणजे न वाकता चासी दिसते. शोचं सर्वांत मानाचं बक्षीस, डॉन रिडलरच्या नावाचं, १९६४ पासून आहे. त्यासाठी गाडी आधी कुठेही दाखवलेली चालत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं झाकून काम करतात. आधी आठ गाड्या निवडतात, निकाल रविवारी.

पण अण्णांना आधी खालच्या मजल्यावर न्या. तिथे ऑटोरामा एक्स्ट्रीम म्हणून वेगळा भाग असतो. नुसता प्रायमर मारलेल्या, गंजलेल्या, वेल्डिंग उघडं ठेवलेल्या गाड्या. वर सगळं आरशासारखं गुळगुळीत, कितीही हुशार कारागीर असला तरी त्याला काही सापडणार नाही. खाली कापाकापी दिसते. ती डोळ्याखालून गेली की वरच्या गाडीत काय लपवलंय ते अण्णा तुम्हालाच सांगतील.

आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर: छताचे खांब आत कललेले असतात. छत खाली आणलं की वरच्या टोकाला खालचं टोक जुळत नाही. मग एकतर खांब आणखी झुकवायचे, नाहीतर छतच मधून कापून पट्टी घालून रुंद-लांब करायचं. काचा वेगळ्या कापाव्या लागतात. जुने लोक सांध्यात शिसं भरायचे. ताप देऊन मऊ करायचं आणि मेण लावलेल्या लाकडी फळीनं पसरवायचं, मग कानशीनं घासायचं. पोटीन नंतर आलं.

थंडोबा

दोघांचंही पटतंय, पण ७१ वर्षांचा माणूस कोल्हापुरातून थेट मिशिगनच्या फेब्रुवारीत? नदीकाठावरचा वारा म्हणजे काय ते आधी सांगून ठेवा. हंटिंग्टन प्लेसच्या गच्चीवर पार्किंग आहे, सोयीचं आहे, पण त्या वाऱ्यात त्यांना चालवू नका. आधी दारात उतरवा, मग गाडी लावा. विम्यात आधीपासूनचे आजार बसतात का ते नीट वाचा, बीपी-शुगर असेल तर विशेष.

चालणं भरपूर आहे. आत सिमेंटची फरशी, दोन तासांत पाय बोलायला लागतात. शनिवारी बाबागाड्यांची गर्दी असते. शुक्रवारी रजा मिळाली तर उत्तम.

गिअरआजी

दोन्ही करा की! व्हिजिटरला साधारण सहा महिने देतात. फेब्रुवारीअखेर आले तर ऑगस्टचा तिसरा शनिवार त्यात बसतो. (नक्की किती दिले ते आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, बघूनच परतीचं तिकीट ठरवा, विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.)

नातू आहे का घरात? असेल तर त्याला दिओरा नावाच्या गाडीची गोष्ट सांगा. डेट्रॉइटचे अलेक्झांडर बंधू, त्यांनी डॉजच्या छोट्या पिकअपमधून ती बनवली. बाजूला दारंच नाहीत, पुढची काच वर उचलून आत शिरायचं. १९६७ चं रिडलर तिला मिळालं, आणि १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ खेळण्यातल्या गाड्यांत ती आली. माझ्या नातवाला तेव्हापासून आजी एकदम ग्रेट वाटते.

उद्यमनगरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गिअरआजी, सहा महिने अशक्य! दीड महिन्यात ते भावाला रोज फोन करून "कुठला रंग काढलास" विचारायला लागतील.

पत्रामारुती, तुमचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. शिशाचं ऐकून म्हणाले, "मग बरोबर, पोटीनचा सांधा दोन पावसाळ्यांत उघडतो." खूश आहेत.

आता एक काळजी. अण्णांना गाडी दिसली की तळवा फिरवायची सवय आहे. डोळ्यांना न दिसणारा खड्डा हाताला लागतो, म्हणतात. तिथे चालेल का?

पत्रामारुती

अजिबात नाही. दोरी लावलेली असते, आणि नसली तरी हात लावायचा नाही. पाठीशी हात बांधून उभं राहायचं, सगळे जुने लोक तसेच उभे असतात. मालक बहुतेक वेळा बाजूला खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि तो कोणी विचारण्याची वाटच बघत असतो. अण्णांच्या फोनमध्ये त्यांच्या कामाचे फोटो टाकून घ्या. अपघातातून आलेली गाडी आधी आणि नंतर, असे. ते पुढे करा. मला तरी वाटतं त्यानंतर तुमच्या भाषांतराची फार गरज पडणार नाही. आणि मग मालकानेच "लाव हात" म्हटलं तर गोष्ट वेगळी.

ब्रशनं बारीक रेघा ओढणारे कुणी समोर बसून काम करताना दिसले, तर तिथे अर्धा तास जाईल असं धरून चला.

नऊमैली

ठीक आहे, हरलो. पण पुढच्या ऑगस्टला खुर्ची राखून ठेवतो.

आत खायला प्रेट्झेल, फ्राइज, हॉटडॉग असलंच काही. कोल्हापूरकराला आधी घरून जेवूनच न्या.

उद्यमनगरची_लेक

ठरलं, फेब्रुवारी. भावाला तिकीट बघायला सांगितलंय, शुक्रवारची रजा मी टाकते. फोटो शोधायचं कामही अण्णांनी सुरू केलंय, त्यातले निम्मे त्यांच्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचेच आहेत.

एक शेवटची विनंती: जाड कोट फक्त दीड महिन्यासाठी विकत घ्यायचं जिवावर आलंय. मध्यम मापाचा, पुरुषाचा, कुणाकडे जास्तीचा पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ट्रॉय, रोचेस्टर हिल्स, नोव्हाय, कुठेही येऊन घेऊन जाईन.