मदत हवी आहे : प्रकाशरूपातील पॅकेट रांगेत थांबवायचे कसे?

नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रकल्पासाठी मी संपूर्ण प्रकाशीय पॅकेट-स्विचचा (डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, विद्युत संकेतात न बदलता प्रकाशरूपातच पुढे पाठवणाऱ्या यंत्राचा) संगणकावर नमुना करत आहे, आणि बफरपाशी, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवण्याच्या जागेपाशी, अडकलो आहे. दोन पॅकेट एकाच वेळी एकाच मार्गावर जाऊ पाहतात तेव्हा नेहमीचा राउटर त्यांपैकी एकाचे विद्युत संकेतात रूपांतर करून ते रॅममध्ये ठेवतो. प्रकाशाला मात्र अशी जागा नाही, म्हणून पॅकेट उशिरा पोचावे यासाठी मी ऑप्टिकल फायबरचे वेटोळे घेतले. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे सेकंदाला 100 गिगाबिट वेगाला 1500 बाइटचे पॅकेट 120 नॅनोसेकंदांचे, म्हणजे जेमतेम 24 मीटर लांबीचे होते.

एका पॅकेटपुरते हे ठीक आहे. परंतु आत शिरलेले पॅकेट ठरलेल्या क्षणीच बाहेर पडते, आणि मार्ग तेव्हा मोकळा असेलच असे नाही. तेच पॅकेट वेटोळ्यात पुन्हा फिरवले, तर प्रत्येक फेरीत स्विचमध्ये प्रकाश घटतो, तो भरून काढणारा ॲम्प्लिफायर स्वतःचा गोंगाट मिसळतो आणि काही फेऱ्यांनंतर बिट ओळखू येत नाहीत. शिवाय मोठा राउटर सुमारे पाव सेकंदाची वर्दळ साठवू शकावा, असा जुना नियम वाचला. पाव सेकंदासाठी 50 हजार किलोमीटर फायबर लागेल, पृथ्वीच्या घेरापेक्षाही जास्त! 1999 मध्ये लेने हाउ यांच्या गटाने अतिशीत सोडियम अणूंमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला 17 मीटरवर आणला होता. त्या वाटेने काही साधेल का?

प्रतिसाद :

मंद प्रकाशाचा मोह आवरावा. प्रकाश मंदावतो तो अतिशय अरुंद वारंवारता-पट्ट्यात, आणि 100 गिगाबिटचा संकेत त्या पट्ट्यात मावतच नाही. विलंब वाढवावा तर पट्टा आक्रसतो, पट्टा रुंदावावा तर विलंब घटतो. 2007 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सिलिकॉन चिपवर सूक्ष्म कड्यांची माळ करून 500 पिकोसेकंदांहून अधिक विलंब मिळवला. काम देखणे होते, पण 20 गिगाबिट वेगाला त्यात मावले 10 बिट. तुमच्या एका पॅकेटमध्ये 12 हजार आहेत.

तुमची खरी अडचण त्या जुन्या नियमात आहे. 2004 मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी दाखवले की एका दुव्यावर अनेक स्वतंत्र टीसीपी प्रवाह (गर्दी पाहून आपला वेग कमी-जास्त करणारे इंटरनेटवरील संवाद) असतील, तर जुन्या नियमाचा बफर त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून येईल तेवढाच पुरतो. 10 हजार प्रवाह धरल्यास तुमचे 50 हजार किलोमीटर 500 वर येतात. तेही न परवडणारेच, कारण किलोमीटरला 0.2 डेसिबल धरले तरी घट 100 डेसिबल होते, म्हणजे प्रकाशाचा हजार कोटीवा भागच उरतो. पुढच्या अभ्यासांत असे आढळले की पाठवणाऱ्यांनी पॅकेट झुंडीने न सोडता अंतर ठेवून सोडली आणि दुव्याची थोडी क्षमता वाया जाऊ दिली, तर 10 ते 20 पॅकेटांचा बफरही भागवतो. वीस पॅकेट म्हणजे तुमच्या हिशेबाने अर्धा किलोमीटर फायबर, आणि घट 0.1 डेसिबल.

म्हणून एकाच वेटोळ्यात फेऱ्या मारण्याऐवजी एक, दोन, तीन अशा पटींच्या लांबीची वेटोळी समांतर ठेवावीत आणि पॅकेट आत शिरतानाच त्याचे वेटोळे निवडावे. पॅकेटांची लांबी असमान असेल तर मध्ये रिकाम्या फटी राहतात. म्हणून लांबीचे एकक फार मोठे घेऊ नये. त्याआधी टक्कर टाळण्यासाठी दुसरी तरंगलांबी मोकळी आहे का हे पाहावे, कारण तरंगलांबी बदलली की पॅकेटला थांबावेच लागत नाही.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. गणित मीही केले होते, पण जुना नियम तपासावा हे सुचले नाही. आता पाच वेटोळी आणि चार तरंगलांबी घेऊन नमुना पुन्हा चालवतो. एक शंका उरते : माझ्या नमुन्यात पॅकेट झुंडीनेच येतात. त्यांच्यात अंतर पाडण्याचे काम कडेच्या विद्युत राउटरकडे सोपवले, तर स्विचला 'संपूर्ण प्रकाशीय' म्हणता येईल का?